ऑर्लिनने हात केला नाही तो शनिवार

लाव्हॉन ब्रेक्केने ऑर्लिन ट्वेटला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रस्त्याकडेच्या चरात पालथी पडली होती. घसरून नव्हे. चांगली विचार करून पडली होती.

ती नवी नवरी होती आणि सासरच्या टपालपेटीपर्यंत पत्रं आणायला चालली होती. समोरच्या चढावर आधी एक हात आला, आणि बऱ्याच वेळाने त्याच्या खाली एक दुधाचा टँकर आला. हात खांद्यापासून खिडकीबाहेर होता, थेट आभाळाकडे गेलेला. पंजा एवढा मोठा की त्यावर पाव भाजता आला असता. आणि तो असा हलत होता, जणू सगळ्या विस्कॉन्सिन राज्याला सांगतोय, जीव वाचवा, निघा. लाव्हॉन पलीकडच्या जिल्ह्यातली. तिथे समोरून गाडी आली की माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, आणि आज आपण जरा जास्तच बोललो असं वाटून संध्याकाळपर्यंत गप्प राहतो. एवढा हात कोणी उगाच करत नाही. म्हणजे चक्रीवादळ. तिने पत्रं फेकली आणि डोक्यावर हात धरून चरात आडवी झाली.

टँकर थांबला. "काही हरवलंय का?" ऑर्लिनने विचारलं.

"वादळ!" ती गवतात तोंड खुपसून म्हणाली.

ऑर्लिनने आभाळाकडे पाहिलं. आभाळ धुतलेल्या ताटासारखं लख्ख होतं. "नाही ब्वा," तो म्हणाला. "मी आपला हात केला."

आणि गेला. ही गोष्ट त्याने पुढच्या चाळीस वर्षांत कोणालाही सांगितली नाही. सांगितली असती तर लाव्हॉनला कळलंच असतं, कारण गाव अजून हसत असतं. का सांगितली नाही, याबद्दल मात्र तिला त्याचा कायमचा संशय राहिला.

संशय हा लाव्हॉनचा स्वभाव नव्हता, उद्योग होता. दुकानातून आणलेला दुधाचा बंद डबा ती घरी येताच उघडून हुंगायची, आणि वास चांगला आला तर जास्तच सावध व्हायची. टीव्हीवरची हवामानवाली बाई हसली की लाव्हॉन घरात कंदील काढून ठेवायची. पाद्र्याने प्रवचन लवकर आटोपलं की त्याच्या घरी कोण पाहुणे आलेत हे बघायला ती मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी जायची. तिचा नवरा डुएन म्हणायचा, "हिला स्वर्गात नेलं तरी ही आधी गाद्या उलट्या करून बघेल." तो हे लाडाने म्हणायचा. लाव्हॉनला त्यातही काहीतरी शिजतंय असं वाटायचं.

अशा बाईला एकाच गोष्टीची खात्री होती, ती म्हणजे ऑर्लिनचा हात. रोज सकाळी तो शेतांवरून दूध गोळा करून चीजच्या कारखान्याकडे निघायचा आणि तिच्या टपालपेटीपाशी हात उभा करायचा. बर्फ पडत असलं तरी काच खाली करून. निवृत्त झाल्यावर टँकर गेला, निळा पिकअप ट्रक आला, चीजच्या कारखान्याच्या जागी गावातलं कॉफीचं दुकान आलं. हात तोच राहिला. बायको आर्डिस गेली, त्या आठवड्यातसुद्धा.

आर्डिसच्या दफनविधीला लोकांनी विचारलं, "कसा आहेस, ऑर्लिन?" तो म्हणाला, "चाललंय. हवा बरी आहे." तक्रार करणं त्याला येतच नव्हतं. एकदा ओंडका पायावर पडून त्याचा अंगठा मोडला, तेव्हा तो म्हणाला होता, "बूट जरा घट्ट झालाय." तसं त्या भागात कोणालाच तक्रार करणं येत नाही. तिथे माणूस जळत्या घरातून बाहेर आला तर म्हणतो, आत जरा उकडत होतं. पण ऑर्लिन त्यांच्यातही उस्ताद होता.

आता त्या शनिवारकडे यायला हवं, आणि त्यासाठी लोण्याकडे.

दर ऑक्टोबरात त्यांच्या चर्चमध्ये ल्युटफिस्कचं जेवण असतं. ल्युटफिस्क म्हणजे नॉर्वेहून आलेल्या पूर्वजांनी मागे सोडून यायला हवा होता आणि सोडला नाही, असा मासा. वाळवलेला, क्षाराच्या पाण्यात भिजवलेला, उकडल्यावर ताटात थरथरणारा. तो गिळता येतो तो केवळ वर ओतलेल्या वितळलेल्या लोण्यामुळे. म्हणून त्या जेवणात खरा मान माशाचा नसतो, लोण्याचा असतो, आणि लोण्याची जबाबदारी आर्डिसकडे होती. आर्डिस गेल्यावर ती लाव्हॉनकडे आली. ती बाई धन्य झाली. आणि त्या ऑक्टोबरात, लोण्याचे भाव ऐकून, तिने अर्ध्या लोण्याच्या जागी मार्गारीन घातलं.

मार्गारीन म्हणजे तेलाचं नकली लोणी. इतर ठिकाणी लोक ते पावाला लावून खातात आणि आपापल्या कामाला लागतात. पण हे गाव गाईंवर उभं राहिलेलं. इथे मुलगी परक्या पंथात लग्न करून गेली तर आई दोन महिने रडते आणि मग नाताळाला जावयाला बोलावते. मार्गारीन घालणाऱ्या बाईला बोलावण्याची पद्धत अजून ठरलेली नाही.

तर शनिवारी सकाळी लाव्हॉन टपालपेटीपाशी उभी होती. मार्गारीनचे रिकामे खोके तिने दुसऱ्याच कोणाच्या तरी कचऱ्यात टाकले होते आणि आता ती निरागस दिसण्याचा सराव करत होती. चढावरून निळा ट्रक आला. तिने हात वर केला. ट्रक जवळ आला. काच बंद. आत ऑर्लिन सरळ समोर बघत होता. जाताना त्याने मान किंचित हलवली, एखाद्या अनोळखी गाईला रस्ता द्यावा तशी.

लाव्हॉनचा हात वरच राहिला.

"त्याला कळलं," ती घरात येऊन म्हणाली.

"कोणाला? काय?" डुएनने विचारलं.

"ऑर्लिनला. लोण्याचं."

"त्याला कसं कळेल? तू मला सांगितलंस तेसुद्धा पलंगाखाली बघून."

"आर्डिसची जागा ना ती. त्याला आतून कळलं असणार."

रात्रीच्या जेवणात तिचा उरलासुरला धीर गेला. दरवर्षी माशाची मोठी पातेली उचलायला ऑर्लिन असायचा. या वर्षी तो कोट न काढता कोपऱ्यात बसून होता, मुकाट्याने एका हाताने खात. लोण्याची किटली त्याच्या डाव्या बाजूला होती. लाव्हॉन स्वयंपाकघराच्या दारातून डोळ्यांत तेल घालून बघत होती. त्याने किटलीला हात लावला नाही. ल्युटफिस्क, लोण्याशिवाय, कोरडा खाल्ला! असा निषेध त्या चर्चमध्ये आजवर कोणी नोंदवला नव्हता.

मग अख्खा हिवाळा तसाच गेला. ट्रक यायचा, काच बंद, मान हलायची. लाव्हॉननेही मग हात करणं थांबवलं. नाताळाला तिने दरवर्षीप्रमाणे त्याच्या दारात बिस्किटांचा डबा ठेवला, पण त्यातली करपलेली ती मुद्दाम वर रचून.

"त्याला सरळ विचार ना," डुएन म्हणाला.

"विचारू?" लाव्हॉनने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो तिला चर्चमध्ये पोहण्याच्या कपड्यांत जायला सांगतोय. "काय विचारू? बाबा रे, तू माझ्यावर रागावलास का? वर्षानुवर्षं शेजारी राहतोय आम्ही, डुएन. आमच्यात एवढा मोकळेपणा नाही."

बर्फ वितळू लागलं तेव्हा फोन आला. वॉशिंग्टनहून एक बाई बोलत होती. नाव पेलेग्रिनो, वकील, आणि बोलणं मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसं.

"मिसेस ब्रेक्के, मी ऑर्लिन ट्वेट यांच्या खांद्याबद्दल..."

"माझ्या कार्डाचा नंबर मागितलात तर मी फोन ठेवीन," लाव्हॉन म्हणाली.

"मला तुमचा नंबर नकोय."

"म्हणजे आधीच मिळालाय!"

वकीलबाईंनी श्वास घेतला आणि सावकाश सुरुवात केली. ऑक्टोबरात शुक्रवारी संध्याकाळी ऑर्लिनने गावातल्या औषधांच्या दुकानात फ्लूची लस घेतली होती, डाव्या हाताला, म्हणजे तिकडच्या गाड्यांत खिडकीकडे येतो त्या हाताला. सुई दंडात जायची ती फार वर, खांद्याच्या सांध्यात गेली. लसीचा दोष नाही, टोचण्याचा. तेव्हापासून तो हात खांद्याच्या वर जात नाही. अशा लोकांसाठी सरकारचा एक निधी आहे. दुकानावर खटला नाही, वकिलाची फी ऑर्लिनकडून नाही. फक्त दाखवावं लागतं की दुखणं लस घेतल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत सुरू झालं.

"मग दाखवा की," लाव्हॉन म्हणाली. फुकटातला वकील ऐकून तिचा संशय आता दोन पायांवर उभा राहिला होता.

"तीच तर अडचण. नोव्हेंबरात ते रक्तदाब दाखवायला डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास? तर म्हणाले, 'तक्रार करण्यासारखं काही नाही.' तसंच लिहिलं गेलं. जानेवारीत मुलीने धरून नेलं तेव्हा विचारलं, कधीपासून दुखतंय? तर म्हणाले, 'झाले थोडे दिवस.' किती दुखतं? 'वाईट नाही.' मिसेस ब्रेक्के, त्यांना बाही घालता येत नाही! हा माणूस स्वतःच्याच विरुद्धचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. मी त्यांना विचारलं, तुम्हाला त्या आठवड्यात कोणी जवळून पाहिलं असेल का? ते म्हणाले, 'लाव्हॉनला विचारा. ती सगळं बघते.'"

लाव्हॉनला हे कौतुक की टोमणा हे ठरवता येईना. "मी विचार करून सांगते," म्हणून तिने फोन ठेवला.

तिने जो विचार केला तो असा. हा सगळा बनाव आहे. ऑर्लिनचा हात ठणठणीत आहे. आधी लोण्यावरून अबोला धरला, आता त्या अबोल्याचे सरकारकडून पैसे काढतोय. आणि वर साक्षीदार मीच! डुएन म्हणाला, "ऑर्लिन? त्याने कधी कोणाला पत्त्यांत फसवलं नाही." लाव्हॉन म्हणाली, "तेच तर. इतकी वर्षं तयारी करत होता."

डुएननेच मग बाहेरची बातमी आणली. ऑर्लिनचं घर लाकडांच्या शेगडीवर तापतं. लाकडं फोडायला आणि अंगणातलं बर्फ काढायला पुढच्या हिवाळ्यात माणूस ठेवायला लागणार, आणि ते त्याच्या पेन्शनीत बसत नाही. भरपाई मिळाली तर बसेल. नाही तर मुलगी त्याला मिनियापोलिसला नेणार, म्हाताऱ्यांच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर. "तिथे खिडकी उघडत नाही म्हणे," डुएन म्हणाला.

लाव्हॉनने पक्षी बघायची दुर्बीण काढली. पक्ष्यांबद्दल तिला विशेष प्रेम नव्हतं, पण दुर्बिणीला कारण लागतं. दोन दिवस तिने ऑर्लिनचं अंगण पहारा दिल्यासारखं पाहिलं. तो उजव्या हाताने झाडू मारत होता. नाटक. उजव्या हाताने दार ढकलत होता. नाटकच. मग तिसऱ्या सकाळी तो ट्रकमध्ये जाऊन बसला आणि ट्रक सुरूच करेना. लाव्हॉन खिडकीला चिकटली.

ऑर्लिनने काच खाली केली. उजव्या हाताने डाव्या हाताचं कोपर धरलं आणि खिडकीच्या चौकटीवर ठेवलं. मग डावा हात बाहेर काढायला लागला. तो वीतभर वर गेला आणि थांबला. ऑर्लिनने डोळे मिटले, जबडा आवळला आणि पुन्हा केला. पुन्हा वीतभर. अंगणात कोणी नव्हतं, रस्त्यावर कोणी नव्हतं. मग त्याने हात उचलून मांडीवर ठेवला, एखादं आजारी मांजर ठेवावं तसा, आणि काच वर केली.

थोड्या वेळाने निळा ट्रक टपालपेटीवरून गेला. मान हलली. लाव्हॉन खिडकीतच होती. तिने दुर्बीण खाली ठेवली आणि पहिल्यांदाच तिला स्वतःचा संशय आला.

त्याच दुपारी तिने वकीलबाईंना फोन लावला. "लिहून घ्या," ती म्हणाली. "शुक्रवारच्या सकाळी हात केला होता. शनिवारी सकाळी केला नाही. त्यानंतर आजतागायत नाही. रात्री पातेली उचलली नाहीत, कोट काढला नाही, डाव्या बाजूची किटली घेतली नाही."

"फार छान! पण सरकारी वकील विचारतील, एका शेजाऱ्याने हात केला नाही, ही एवढीशी गोष्ट. तोच शनिवार तुमच्या इतका पक्का लक्षात का?"

"ल्युटफिस्कचं जेवण होतं."

"ते दरवर्षी असतं. हात लक्षात का राहिला?"

स्वयंपाकघरात डुएन पेपर वाचत होता. त्याने पेपर हळूच खाली केला.

"मला वाटलं तो रागावलाय," ती म्हणाली.

"का रागावेल?"

"हे लिहायलाच लागेल का?"

"शपथेवर, मिसेस ब्रेक्के. कारण नसेल तर ते म्हणतील, शेजारीण मदतीसाठी आठवण रचून सांगतेय."

लाव्हॉनने डुएनकडे पाहिलं. डुएनने छताकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढे ती सहाव्या मजल्यावरची न उघडणारी खिडकी आली.

"मी लोण्यात मार्गारीन घातलं होतं," ती म्हणाली.

"बस, एवढंच?" वकीलबाईंनी विचारलं.

"एवढंच काय बाई! अर्धं घातलं होतं!"

"मार्गारीनमुळे एखादा माणूस हात करणं सोडेल, असं तुम्हाला वाटलं?"

"तुम्ही इथल्या नाही," लाव्हॉन म्हणाली, आणि सगळं सांगितलं. आर्डिसची जागा, भाव, दुसऱ्याच्या कचऱ्यातले खोके, वर रचलेली करपलेली बिस्किटं. वकीलबाई टाइप करत होत्या. एका ठिकाणी त्यांनी थांबून विचारलं, "करपलेली मुद्दाम?" लाव्हॉन म्हणाली, "तेही लिहा. आता काय राहिलंय."

तिने सही केली. कागद ऑर्लिनलाही वाचायला मिळणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून पुढचा आठवडाभर ती टपालपेटीकडे फिरकली नाही. डुएन पत्रं आणायचा. मग एके दिवशी दारात निळा ट्रक थांबला.

ऑर्लिन खाली उतरला. पायऱ्यांपाशी येऊन उभा राहिला. लाव्हॉन दारात.

"वाचलं," तो म्हणाला.

"हं."

"हवा बरी आहे आज."

"आहे खरी."

बराच वेळ दोघांनी हवेचा मान राखला. मग ऑर्लिन म्हणाला, "आर्डिस पाऊण घालायची."

"काय?"

"मार्गारीन. पाऊण. पाव लोणी, वासापुरतं. खोके मीच न्यायचो. टँकरमधून."

लाव्हॉन दार सोडून पायरीवर आली. "आणि तू कधी बोलला नाहीस?"

"कोणी विचारलं नाही."

"मग त्या रात्री कोरडा का खाल्लास रे? किटली तुझ्या शेजारी होती!"

"हात पोचेना."

"उजव्या हाताने घ्यायची! किंवा शेजाऱ्याकडे मागायची!"

"लोक जेवत होते," ऑर्लिन म्हणाला. मग थोडा विचार करून, "तसा मासा वाईट नव्हता. आणि बिस्किटं," तो जाता जाता म्हणाला, "मला करपलेलीच आवडतात."

हे खरं की सभ्यता, हे लाव्हॉनला आजही ठरवता आलेलं नाही.

सरकारी वकिलांनी बरेच प्रश्न विचारले, पण मार्गारीनवर ते अडखळले. आपल्याच अब्रूवर पाणी सोडून कोणी खोटी आठवण रचत नाही, असं काहीसं त्यांनाही वाटलं असावं. पुढच्या उन्हाळ्यात तडजोड झाली. लाकडं फोडायला माणूस आला. ऑर्लिन आपल्या घरात राहिला. त्या ऑक्टोबरात त्याने फ्लूची लस पुन्हा घेतली, उजव्या हाताला, आणि टोचणाऱ्या मुलीला बोटाने जागा दाखवून म्हणाला, "जरा खाली घे पोरी. वरची जागा तशी वाईट नाही, पण खाली घे."

आणि मग, जन्मात कधी चार वाक्यं सलग न बोललेला ऑर्लिन ट्वेट, रविवारच्या प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी सगळ्यांसमोर उठून उभा राहिला. लाव्हॉनला वाटलं, आता चरातली गोष्ट निघणार. ती निघाली नाही. तो म्हणाला, की लाव्हॉन ब्रेक्केसारखी शेजारीण कोणाला मिळायची नाही. माझ्या एका खांद्यासाठी तिने अमेरिकेच्या सरकारला शपथेवर सांगितलं, की तिने लोण्यात मार्गारीन घातलं होतं. आर्डिसचं पाऊण मात्र तो बोलला नाही. तेवढं कोणी विचारलं नाही.

सगळे टाळ्या वाजवायला विसरले.

ऑर्लिनचा हात अजूनही वीतभरच वर जातो. लोण्याचं काम आता पाद्र्याच्या बायकोकडे आहे. लाव्हॉन कॉफी बघते.